गादीखालच्या घड्या

गठुडीला मी पालथी धरली होती. डाव्या पंजावर तिची छाती, उजव्या हातात पाण्याचा मग. कोमट पाणी तिच्या मानेवरून खाली सोडत होते, तेवढ्यात तिच्या पाठीवरचं गळू हललं. पाणी ओघळलं म्हणून तसं वाटलं असेल, असं मनाशी म्हणत मी टॉवेलनं टिपलं आणि वाकून पाहिलं. मसुराएवढं लाल टेकाड, मधोमध टाचणीनं टोचल्यासारखं भोक, भोकात पाण्याचा एक थेंब. थेंब आत ओढला गेला. वर आला. पुन्हा आत. मी माझा श्वास रोखून धरला तरी ते चालूच राहिलं. गठुडीची पाठ तिच्या स्वतःच्या लयीत वरखाली होत होती आणि थेंब दुसऱ्याच लयीत. सात महिन्यांच्या त्या वीतभर पाठीवर दोघं जण श्वास घेत होते.

त्यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मी तिला कपडे घातले. घाईघाईनं झबलं चढवलं, मागचे तिन्ही बंद बांधले, गाठी नीट बसल्यात का ते पाहिलं, चार केस होते तेही विंचरले. वरून झाकण घट्ट बसवलं की आतली वस्तू नसल्यासारखी होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. मग तिला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारू लागले. तिला थोपटताना माझा हात जिथे जातो तिथे तो ठेवायला धजावेना, म्हणून मी तिला खालून धरली होती, आणि तिला ते अजिबात पसंत नव्हतं. मान मागे टाकून ती रडत होती. पोटात ती पहिल्यांदा हलली तेव्हा मी ग्रंथालयात होते, बांधणी विभागात, एका जाडजूड कोशाच्या पाठीला खळ लावत. आतून कुणी हळूच टिचकी मारावी तसं झालं आणि ब्रश हातातच राहिला. ती गोष्ट मी दिवसभर कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही; माझ्याकडे काहीतरी आहे आणि कुणाला ठाऊक नाही, या चैनीत मी त्या दिवशी सगळ्यांच्या पुस्तकांना उलटे कागद चिकटवले. तेव्हाही मी 'हललं' असंच म्हणाले होते. आजही तेच म्हणत होते. या दोन गोष्टींना एकच शब्द असावा, याचा मला आंघोळीच्या त्या ओल्या खोलीत भयंकर राग आला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "का रडवतेस गं तिला?"

"आई, ते गळू हलतंय."

"गळू हलत नसतं," असं त्या म्हणाल्या आणि आपल्या चपला शोधायला गेल्या. चपला शोधता शोधता तिथूनच म्हणाल्या, "चल. दवाखाना दहाला उघडतो." चार दिवसांपूर्वी, डास चावलाय का बघा हो, म्हणून मी त्यांना तो पहिला लाल ठिपका दाखवला होता, तेव्हा क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या होत्या, "गळू आहे." इतक्या पटकन, की शब्द जिभेवर तयारच ठेवलेला होता असं मला वाटलं होतं. पण वाटलं ते वाटलं. घरात दिवसभरात इतकं काही वाटतं, की त्यातलं एखादं उचलून त्याच्याकडे निरखून बघायला सवड कुठे असते.

दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक बाक. डॉक्टरीणबाईंचा चष्मा कायम कपाळावर आणि आवाज फाटका. त्यांनी गठुडीला टेबलावर पालथी टाकली, दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि तिच्याशीच बोलू लागल्या. "काय गं ठमे, कोण राहतं तुझ्या पाठीत? बघू. एक इथे. एक इथे. आणि हा कमरेपाशी, नाडीखाली लपलाय, लबाड." मग मान वर न करता आम्हाला म्हणाल्या, "अळी आहे. माशीची. तिन्हीत."

ग्रंथालयात जुन्या पुस्तकांना कसर लागते, तिच्या अळ्या मी चिमट्यानं काढलेल्या आहेत. त्यांची मला कधी किळस आली नाही. पानांतून त्या इतकी नाजूक वळणं काढत जातात की एखाद्या वेळी बघत राहावंसं वाटतं. पण माणसाच्या अंगात अळ्या, हे मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकलं होतं. लहानपणी आमच्या मजल्यावर दोन जावा होत्या, पाण्याच्या नळावरून भांडायच्या, आणि थोरलीच्या तोंडाचा पट्टा संपत आला की शेवटी ती हात वर करून म्हणायची, "किडे पडतील तुझ्या अंगात, किडे!" मग आई मला ओढून घरात घ्यायची. किडे पडायचे ते पाप्याच्या अंगात. कुणाचं तरी वाईट केल्यावर, कुणाचा तरी तळतळाट घेतल्यावर. गठुडीला तर अजून धड बसताही येत नव्हतं.

"रडू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. "भाडेकरू आहे. दार लावून घेतलं की आपण होऊन बाहेर येतो. हे भोक दिसतंय ना, इथून तो हवा घेतो. वर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, त्यावर पट्टी. पाऊण तासात कासावीस होऊन वर येतो, मग चिमट्यानं धरायचा."

"डोकं काढतो बाहेर," कंपाउंडर औषधाच्या खिडकीतून म्हणाला.

"डोकं नाही हो, बूड. बुडानं श्वास घेतो हा प्राणी. किती वर्षं सांगतेय तुम्हाला."

"तोंड खाण्यात गुंतलेलं असणार. आमच्या मेहुण्यासारखं."

मी हसले. इतक्या मोठ्यानं हसले की गठुडी दचकली. सासूबाई हसल्या नाहीत. "नुसतं दाबून नाही का निघत?" मी विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "दाबायचं नाही. आत फुटली की ताप, पू, मग महिनाभर निस्तरत बसा. बरं, कपडे कुठे वाळत घालता हिचे?"

"मागच्या गॅलरीत."

"ऊन येतं?"

"नाही. पुढच्या बाजूला रस्ता आहे, धूळ फार बसते."

"तिथेच चुकतं. सावलीतल्या ओल्या कपड्यावर ही माशी अंडी घालते. शिवणीत, नाडीच्या नेफ्यात. डोळ्यांना दिसत नाहीत. कपडा अंगात घातला की अंगाच्या उबेनं फुटतात आणि शिरतात. दुखत नाही, खुपत नाही, पोराला पत्ता नाही. कडक इस्त्री फिरवली की मरतात, विषय संपला. इस्त्री कोण करतं घरात?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला. "मी," सासूबाई म्हणाल्या. "मीच करते. हात कापतात हल्ली. राहिलं असेल कुठे."

खोटं होतं ते. दीड महिन्यापूर्वीपर्यंत मात्र अगदी खरं होतं. मी या घरात आले तेव्हापासून बघत होते, त्या प्रत्येक कपड्याला इस्त्री करायच्या. गठुडी झाल्यावर तर झबल्यांना, दुपट्यांना, लंगोटांना, नाक पुसायच्या फडक्यालासुद्धा. तीही उलट बाजूनं, शिवणींवर थांबून थांबून. "आई, लंगोटाची घडी कोण बघणारे?" असं मी एकदा विचारलं होतं. "कपड्याला आच दाखवावी. पद्धत आहे आपली," त्या म्हणाल्या. पद्धत म्हटली की पुढे विचारायचं नसतं. मग एका दुपारी त्यांचा हात असा काही कापला की इस्त्री सुटली आणि गठुडीच्या डोक्यापासून दोन वितींवर सतरंजीत रुतली. करपल्याचा वास, आणि गठुडी आपली शांत झोपलेली. "त्याला सांगू नकोस," एवढंच सासूबाई म्हणाल्या. मी नवऱ्याला सांगितलं नाही. पण इस्त्री उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी, आणि "आता मी करत जाईन हं आई," असं जरा जास्तच गोड आवाजात म्हणाले. नऊ दिवस केली. दुपारी तीन ते चार गठुडी झोपते, तेव्हा. दिवसाकाठी माझा म्हणून तेवढा एकच तास होता, तोही वाफेत जायचा. दहाव्या दिवशी पाच मिनिटं म्हणून टेकले आणि डोळे उघडले तर साडेचार. पायाशी कपड्यांचा ढीग. मी ते हातानं ताणले, घड्या घातल्या आणि गादीखाली सरकवले. शाळेत असताना गणवेषाचे स्कर्ट आम्ही असेच ठेवायचो. दुसऱ्या दिवशी काढले तर कडक, धारदार, बघणाऱ्याला शंका येऊ नये असे. कुणाला आलीही नाही. मग रोजच तसं झालं. तीन वाजले की घड्या गादीखाली आणि मी गादीवर. त्या तासात मी काही विशेष करायचे असंही नाही. झोप नाही आली तर नुसती छताकडे बघत पडायचे. माझे दोन्ही हात माझ्याजवळ असायचे, ते कुणी ओढत नसायचं, कुणी चोखत नसायचं. एवढ्याशा गोष्टीत इतकं सुख असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि आता त्या दिव्याखाली 'अंगाच्या उबेनं' हे शब्द ऐकले आणि मला माझी गादी दिसली. खाली त्या घड्या, वर मी. अंड्यांवर कोंबडी बसावी तशी रोज रात्री त्यांच्यावर निजत होते.

व्हॅसलीन लावून, पट्ट्या चिकटवून आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर कसल्याशा औषधाचं जुनं कॅलेंडर. गठुडी दूध पिऊन माझ्या छातीवर झोपली. आता मात्र मी हात तिच्या पाठीवर ठेवला, पट्टीवरच. थोड्या वेळानं तळव्याखाली सूक्ष्मसं काहीतरी सुरू झालं. पापणी फडफडावी तसं. हवा संपत होती त्याची. मला एकदम त्या आंधळ्या, बिनहाताच्या जिवाची दया आली, आणि लगेच त्या दयेची इतकी शिसारी आली की वाटलं उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं. पण छातीवर मूल झोपलेलं असताना आईला उठता येत नाही, आपटता तर त्याहून नाही. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

"तुम्ही कशाला सांगितलंत?" मी हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"इस्त्री तुम्ही करता म्हणून."

"मग काय सांगायचं होतं? गादीचं?"

माझे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"इस्त्रीच्या कपड्याला इस्त्रीचा वास येतो. गादीखालच्या घडीला माणसाचा. दुसऱ्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी आपला कापणारा उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर दाबून ठेवला होता. "म्हटलं, झोपतेय पोर तर झोपू दे. डोळ्यांभोवती नुसती काळी कडी झाली होती तुझ्या. आणि इतक्या वर्षांत पुन्हा काही झालं नव्हतं. वाटलं, गेली असेल ती माशी इथून."

'पुन्हा' हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता की त्यांनी तो सोडला होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले आणि त्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या.

"ह्याला झालं होतं," त्या म्हणाल्या. हा म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. "पाच महिन्यांचा होता. पाठीवर पाच."

त्याच्या पाठीवर पाच वण आहेत, बोटाचं टोक बसेल एवढे खोलगट. लग्न नवं होतं तेव्हा अंधारात मी ते बोटानं मोजायची आणि मुद्दाम चार किंवा सहा म्हणायची, की तो हसायचा. लहानपणी गळवं झाली होती, आई सांगते, असं त्यानं मला सांगितलं होतं. पैकी एक वण बाकीच्यांहून मोठा आणि वेडावाकडा आहे.

"मी दाबली. मला कोण सांगणार होतं दाबू नकोस म्हणून? चार निघाल्या, एक आत फुटली. अकरा दिवस ताप. बाराव्या दिवशी त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला तो ओळखूच आला नाही, इतका सुकला होता."

"आणि त्याचे बाबा?"

"सहा-सहा महिने बाहेर असायचे कामाला. आल्यावर गळवं म्हणून सांगितलं. सासूला गळवं, शेजारणींना गळवं. शेवटी मलाच ती गळवं वाटायला लागली होती. किडे पडलेलं पोर म्हणाले असते सगळे. आणि पोराला असं म्हणतात तेव्हा त्याच्या आईला काय म्हणतात ते तुला कळतं ना? मग एका म्हाताऱ्या परटिणीनं इस्त्रीचं सांगितलं. त्या दिवसापासून धरली ती धरली."

"मला तरी सांगायचंत. नुसती पद्धत आहे म्हणालात."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या पोटात राहिलं असतं? कधीतरी भांडणात त्याच्या तोंडावर फेकलं असतंस."

नाही हो आई, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला ते भांडण दिसलं. कुठलं, कशावरून, ते नाही. पण माझा आवाज ऐकू आला. सासूबाई कॅलेंडरवरून नजर काढून माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही हं," आणि यात ना विनंती होती ना धमकी. ऊन आहे, छत्री घे, म्हणावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोलली तेव्हा पहिल्या भोकातून पांढुरकं टोक वर आलं होतं. त्यांनी दोन्ही अंगठे दोन बाजूंना ठेवून कातडी खाली दाबली, चिमटा लावला आणि धागा ओढावा तशी, घाई न करता, ती बाहेर काढली. तांदळाच्या दाण्याहून मोठी, गुबगुबीत. वळवळत होती. "पाहा, अख्खी आहे," असं म्हणून त्यांनी ती मला दाखवली आणि मी पाहिली. डोळे मिटून घ्यायचा मला हक्क नाही असं वाटलं. दुसरी तशीच. तिसरीला वेळ लागला, तेव्हा गठुडी माझ्याकडे बघून रडली. दुखवणाऱ्याकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून. मी तिचे हात धरून ठेवले होते. तिला एवढंच कळत होतं की हात धरणारी मी आहे.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत देखरेखीचं काम करतो. कुठलाही बिघाड आपोआप होत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. संध्याकाळी त्यानं गठुडीच्या पाठीवरच्या पट्ट्या पाहिल्या, मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशामुळे?" सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "माझ्याकडून राहिलं रे." तो रागावेल असं मला वाटलं होतं, पण तो मऊ झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "आई, झेपत नव्हतं तर सांगायचंस. आता वय झालं तुझं," असं म्हणून त्यानं बहिणीला फोन लावला. माझ्या नणंदेकडे मोठं घर आहे, सोबत आहे, तिथे लहान मूल नाही. रविवारी न्यायला येते म्हणाली. मी गठुडीला मांडीवर घेऊन ऐकत होते, आणि मला सासूबाईंची खोली दिसली: पूर्वेची खिडकी, तिच्याखाली माझी खुर्ची, दार, दाराला कडी. खरं तेच लिहिते. आधी खोली दिसली, मग सासूबाई.

शुक्रवार गेला. मी दहादा बोलायला गेले आणि दहादा काहीतरी दुसरंच बोलले; मीठ संपलंय, नळ गळतोय, पट्टी बदलायची का. सासूबाई माझ्याशी नेहमीसारख्याच होत्या. गठुडीला मांडीवर घेऊन तिच्या पायांशी खेळत होत्या, "ही पायाची बोटं कुणाची? उंदरानं नेली तर?" असलं काही बोलत होत्या. त्यांच्या डोळ्यांत कसला आरोप असता तर मला सोपं गेलं असतं. शनिवारी दुपारी त्या सामान भरायला बसल्या. नवरा घरी होता, त्यांच्या बॅगेची अडकलेली चेन मेणबत्ती घासून सुरळीत करून देत होता. सासूबाई शालीची घडी घालत होत्या, हात कापत असल्यामुळे टोकं जुळत नव्हती, त्या पुन्हा उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. चौथ्यांदा उलगडली तेव्हा मी बोलले.

"इस्त्री आईंनी नाही, मी बंद केली होती."

त्यानं मान वर केली. "म्हणजे?"

"त्यांच्या हातून मी काढून घेतली. दीड महिना झाला. मी करते म्हणाले आणि केली नाही. कपडे गादीखाली ठेवायचे. इस्त्री केल्यासारखे दिसायचे."

"दिसायचे," तो म्हणाला.

"हो."

"का पण?"

पाच आठवडे मी स्वतःला देत आलेली सगळी कारणं, कंबर, दूध, रात्रीची जागरणं, त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. "मला झोप यायची," मी म्हणाले.

त्यानं मेणबत्ती खाली ठेवली. तो ओरडत नाही कधी. "झोप कुणाला येत नाही? आईनं मला एकटीनं वाढवलं. बाबा सहा-सहा महिने घरी नसायचे. तिला नव्हती येत झोप? मला झालं का कधी असलं काही?"

सासूबाईंचा हात शालीवर थांबला. कापायचासुद्धा थांबला. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला फक्त तीन पावलं जायचं होतं आणि त्याच्या शर्टावरून बोट ठेवायचं होतं. पाचांतल्या कुठल्याही एकावर. वाक्य माझ्या तोंडात इतकं तयार होतं की त्याची चव लागत होती. मग मला कळलं की हेच ते भांडण, जे मला दवाखान्यात दिसलं नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तुला कधीच नाही झालं."

तो गॅलरीत निघून गेला. सासूबाई माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या, आणि मला वाटलं, आता त्या मला जवळ घेतील किंवा निदान डोक्यावरून हात तरी फिरवतील. "हात दाखवून अवलक्षण!" त्या दबक्या आवाजात कडाडल्या. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी उद्या गेले असते, आठ दिवसांत तो विसरला असता. माझं काय, मी आई आहे, मला माफ करायची त्याला सवय आहे. तुला अजून सगळं आयुष्य काढायचंय त्याच्याबरोबर. आता तुझ्याकडे बघेल तेव्हा आधी ते आठवेल त्याला."

"पण मग तुम्ही जाऊ नका ना. आता कशाला जायचं?"

"आता तर जायलाच हवं. इथे राहिले तर माझं उदाहरण देऊन रोज तुला टोचेल. आणि एखाद्या दिवशी मला ते सोसणार नाही, मी बोलून जाईन." ओट्याला धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. "चाळीस वर्षं त्याची पाठ सांभाळली मी. आता ती तुझ्याकडे आहे. चल, त्या शालीची घडी घालून दे बघू मला. जमत नाहीये."

रविवारी नणंद आली आणि त्यांना घेऊन गेली. गठुडीच्या जखमा आता बुजल्या आहेत. तीन बारीक ठिपके राहिलेत, तेही जातील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पूर्वेच्या खोलीत मी फारशी जात नाही. कपड्यांना रोज इस्त्री करते, उलट बाजूनं, शिवणींवर थांबून थांबून. आधी तीन ते चार करायची. पण तो साडेसहाला येतो, आणि तोवर कपडे निवलेले असायचे. निवलेल्या कपड्यांची आणि नुसत्या दाबलेल्या कपड्यांची घडी सारखीच दिसते. म्हणून आता पावणेसहाला सुरू करते. तीन ते चार पुन्हा रिकामे आहेत. गठुडी झोपते, मी तिच्या शेजारी पडते, पण डोळा लागत नाही. तिच्या पाठीवर बोटं फिरवत राहते, शिवण शोधावी तशी.

साडेसहाला तो येतो. बूट काढतो, हात धुतो, पुसतो. गठुडी माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेपावत असते. तो तिच्याकडे बघून हसतो आणि येता येता पलंगावरच्या कपड्यांच्या चळतीला पालथा हात लावतो. अगदी सहज, कुणाचा ताप बघावा तसा.

"गरम आहेत," मी म्हणते.

"मी काही म्हटलं का?" तो म्हणतो, आणि मूल घ्यायला हात पुढे करतो.